‘संगणकावर आलेलं रीडिंग चुकत नाही’ हा मेसेज पुढे पाठवू नका

डेटा थेट संगणकावर घेतला की कॅलिब्रेशन (उपकरण खात्रीच्या मापाशी ताडून पाहणं) नको. २४ बिटचं कार्ड (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलून संगणकाला देणारं) लावलं की अचूकता आपोआप येते. सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती नमुने घेतले ते) कमी असला तरी चालतं, गडबड नंतर सॉफ्टवेअरने काढता येते. रिअल-टाइम म्हणजे वेगवान संगणक. असा मेसेज सध्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. ती मोटरच्या कंपनांची चाचणी करते आहे. तिने विचारलं, “मामा, मग कार्डाआधीचा फिल्टर काढून टाकू का?”

अजिबात नको! कमी सॅम्पलिंग रेट चालतो, हाच मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा आहे. मोटर मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. हे कंपन सेकंदाला ४८ नमुने घेऊन टिपलं, तर आलेखावर ५० हर्ट्झ दिसणारच नाही, २ हर्ट्झची संथ, देखणी लाट दिसेल. ती लाट मोटरमध्ये नाहीच. पण खरोखर २ हर्ट्झचं कंपन असतं, तरी आकडे हेच आले असते. मग खरं कोणतं, हे सॉफ्टवेअर कशावरून ओळखणार? याला अ‍ॅलियासिंग म्हणतात आणि ते झाल्यावर निस्तरता येत नाही. सिग्नलमधल्या सर्वोच्च वारंवारितेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावे लागतात, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्येच सिद्ध करून ठेवलंय. म्हणून नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त असलेली वारंवारिता कार्डात शिरण्याआधीच अ‍ॅनालॉग फिल्टरने अडवायची. डेल्टा-सिग्मा प्रकारच्या (आत अतिवेगाने नमुने घेणाऱ्या) कार्डांत बराचसा फिल्टर आतच असतो हे खरं, पण म्हणून तो अनावश्यक ठरत नाही.

आता ‘संगणक चुकत नाही’. मान्य, काटा तिरका वाचणं, वहीत आकडा उलटा लिहिणं या चुका टळतात. शंभर नमुन्यांची सरासरी घेतली तर यादृच्छिक नॉइज (आकड्यांतली अनियमित थरथर) दहापट घटतो, हेही मान्य. पण सगळ्या नमुन्यांत सारखीच असलेली चूक सरासरीने हलत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या भौतिकशास्त्राच्या प्रयोगाने जाहीर केलं, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. हजारो घटनांची नोंद होती, सांख्यिकी चूक दहा नॅनोसेकंदांच्याही आत होती. पुढे २०१२ मध्ये कळलं, की जीपीएसची वेळ मुख्य घड्याळाकडे नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणीच नीट बसलेली नव्हती. संगणकाने जे मिळालं ते इमानेइतबारे नोंदवलं, पण मिळालेली वेळच चुकीची होती. जगातली निष्णात माणसं जिथे फसली, तिथे तुम्ही विद्यार्थ्यांना कॅलिब्रेशन सोडायला सांगता?

बिटांचंही तेच. २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या मिळतात. पण साध्या के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) स्वतःची सहनमर्यादाच ±२.२ अंश सेल्सिअस आहे. चुकलेलं तापमान दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत छापून काय मिळवणार?

रिअल-टाइम म्हणजे नुसता वेग नव्हे, ठरलेल्या मुदतीत काम होण्याची हमी. साधं विंडोज ती देत नाही. मध्येच दुसरं काम आलं की काही मिलिसेकंद निसटतात. म्हणून नमुन्यांची वेळ कार्डावरच्या घड्याळाने ठरवायची, प्रोग्रॅममधल्या लूपने नाही.