रँडीच्या पाठीमागचे ते दोघं

जुना अल्बम पुन्हा बाजारात आणताना त्यातले वादकच बदलून टाकायचे, हे मला पटत नाही. कोणी कितीही कारणं दिली तरी पटणार नाही. इंग्लंडचा हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ या दोन अल्बमांच्या बाबतीत २००२ साली नेमकं हेच झालं. २०२५ च्या जुलैमध्ये ऑझी गेला, तेव्हा माझ्या सगळ्या फीडवर त्याचं ‘क्रेझी ट्रेन’ हे गाणं होतं. या अल्बमांचा गिटारवादक रँडी ऱ्होड्सची आठवण अनेकांनी काढली, काढायलाच हवी. बासवादक बॉब डेझली आणि ड्रमर ली कर्सलेक यांची नावं मात्र मला शोधावी लागली. म्हणून हे लिहितोय.

१९७९ मध्ये ब्लॅक सबाथ या त्याच्या बँडने ऑझीला बाहेर काढलं, तेव्हा तो दारू आणि ड्रग्जमध्ये पुरता बुडाला होता. त्याला उभं केलं ते नव्या बँडने. गिटारवर रँडी, लॉस एंजेलिसच्या ‘क्वायट रायट’ बँडमधला विशीतला पोरगा. त्याची आई संगीताची शाळा चालवायची आणि शास्त्रीय गिटारचं त्याला वेड होतं. बासवर ऑस्ट्रेलियाचा बॉब डेझली, ‘रेनबो’ बँडमधून आलेला. ड्रमर काही केल्या मिळेना. शेवटी ‘युराया हीप’ बँडचा ली कर्सलेक आला आणि चौकडी जमली. १९८० च्या वसंतात इंग्लंडमधल्या रिज फार्म स्टुडिओत, म्हणजे शेतावरच्या जुन्या घरात, हे सगळे मुक्कामाला राहिले. ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलवर मॅक्स नॉर्मन होता. ‘मिस्टर क्रॉउली’ गाण्याच्या सुरुवातीचा तो गूढ कीबोर्ड डॉन एअरीचा.

गाणी कशी झाली, हे डेझलीने अनेकदा सांगितलंय. तो आणि रँडी समोरासमोर बसून चाली बांधायचे, ऑझी त्यावर गळ्याने सूर गुणगुणायचा आणि मग डेझली शब्द लिहायचा. ज्या ओळी आपण ऑझीच्या म्हणून छातीवर टीशर्टावर मिरवतो, त्यातल्या बहुतेक या बासवाल्याच्या आहेत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हे तर बँडचंच नाव ठरलं होतं. कव्हर छापून आलं तेव्हा ऑझीचं नाव मोठं आणि बँडचं नाव अल्बमचं शीर्षक होऊन बसलेलं.

पुढच्या वर्षी त्याच स्टुडिओत ‘डायरी’ झाली. ती बाजारात यायच्या आत डेझली आणि कर्सलेकला काढून टाकलं होतं. कव्हरवर नावं आणि फोटो आले त्यांच्या जागी घेतलेल्या रूडी सार्झो आणि टॉमी आल्ड्रिजचे. या दोघांनी त्या अल्बमवर एक सूरही वाजवलेला नाही. म्हणजे आधी नाव पुसलं.

मग रॉयल्टीवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. आणि २००२ च्या आवृत्तीत आवाजही पुसला. मूळ टेपवरून बास आणि ड्रम्स काढले, त्या जागी रॉबर्ट त्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतले. ऑझीची बायको आणि मॅनेजर शॅरन ऑस्बर्नने तेव्हा सांगितलं की डेझली आणि कर्सलेकच्या वागण्यामुळे ऑझीलाच ते नको होते. ऑझीने नंतर आत्मचरित्रात लिहिलं की हा निर्णय शॅरनचा. कोणाचाही असो. त्रुहियो आणि बोर्डिनवर माझा राग नाही, दोघंही कसलेले वादक, सांगितलेलं काम त्यांनी केलं.

राग याचा आहे की रँडीला कोणी विचारलं नाही. विचारता येणारच नव्हतं. १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात विमान अपघातात तो गेला, वय अवघं २५. त्याने जे वाजवलं ते डेझली आणि कर्सलेकच्या लयीवर, त्यांच्यासोबत घडवलेल्या गाण्यांत. त्याच्या सोलोखाली डेझलीचा बास नुसता मूळ स्वर धरून बसत नाही, तो स्वतःची चाल घेऊन फिरतो. तो काढून घेतलात की गिटार तीच राहते, पण ती ज्याच्याशी बोलत होती तो माणूस खोलीत नसतो. भीमसेन जोशींच्या एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतला तबला पुसून आजच्या कितीही मोठ्या तबलजीकडून नवा भरून घेतला, तर आपण ऐकून घेऊ का?

रीमास्टरिंगला, म्हणजे जुन्या टेपचा आवाज साफ करण्याला, माझा विरोध नाही. टेपची खरखर कमी करा, आवाज मोकळा करा, तेव्हा न वापरलेली ध्वनिमुद्रणं जोडा. रीमिक्ससुद्धा वेगळं नाव देऊन, मूळ आवृत्तीच्या शेजारी ठेवून करा. पण मूळ अल्बमच्याच नावाने दुसरंच काही विकणं ही फसवणूक आहे. ‘डायरी’ची सुरुवात आठवा. ‘ओव्हर द माउंटन’ उघडतं ते फक्त ड्रम्सनी. कर्सलेकचा तो कोसळत येणारा रोल हीच त्या अल्बमची पहिली ओळख. २००२ च्या सीडीवर तिथे कर्सलेक नाहीच. त्या काळात नव्याने मेटल ऐकायला लागलेल्या कित्येक पोरांनी तेच खरं समजून पाठ केलं असणार.

२०११ मध्ये तीस वर्षांच्या निमित्ताने पुन्हा आवृत्ती आली आणि मूळ बास-ड्रम्स परत आले. चांगलं झालं. चाहते नऊ वर्षं ओरडत राहिले म्हणून झालं, असं मी मानतो. या विषयावर ‘जाऊ द्या हो, कोणाला कळतंय’ म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं.

कर्सलेकला कॅन्सर झाला होता. आपल्याच अल्बमांच्या प्लॅटिनम डिस्क भिंतीवर लावायला मिळाव्यात, एवढीच त्याची शेवटची इच्छा होती. त्यासाठी त्याने ऑझी आणि शॅरनला पत्र लिहिलं. त्या त्याला २०१९ च्या जानेवारीत मिळाल्या. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तो गेला.

जुन्या सीडी विकत घेणाऱ्यांनी एक करा. या दोन अल्बमांपैकी कुठलाही हाती आला तर आधी आतलं पान उघडा. बास आणि ड्रम्सपुढे त्रुहियो आणि बोर्डिन असेल तर ती परत ठेवा. १९९५ ची रीमास्टर किंवा २०११ ची घ्या, आणि पहिल्यांदा ऐकताना गिटार सोडून फक्त बासच्या मागे जा.