तीन महिने भाडं थकलं की कुलूप लावता येतं? नाही.

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांमध्ये, विशेषतः घरं-खोल्या भाड्यानं देणाऱ्यांच्या गटांमध्ये, एक संदेश फिरत असतो. त्याचा सारांश असा: 'भाडेकरूनं तीन महिने भाडं थकवलं की करार आपोआप रद्द होतो. मग मालक कुलूप बदलू शकतो, वीज-पाणी तोडू शकतो. पोलिसांत तक्रार दिली की तेच बाहेर काढतात. करार अकरा महिन्यांचा असेल तर काही बघायलाच नको. उरलेले पैसे डिपॉझिटमधून कापून घ्या.' यातला 'तीन महिने' एवढा एकच शब्द कायद्यातून आलेला आहे, आणि तोही अर्धवट. म्हापसा असो, मडगाव असो की फोंडा, या संदेशावर विसंबून कुलूप लावणारा मालक आपलीच बाजू कमकुवत करतो. भाडेकरूचं नुकसान होतं ते वेगळंच.

'तीन महिन्यांनी करार आपोआप रद्द'

आपोआप काहीच होत नाही. गोव्यात या विषयावर १९६८ चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. कायदा लागू असलेल्या भाडेकरूला या कायद्याच्या वाटेनंच बाहेर काढता येतं, असं कलम २१ सांगतं. थकबाकीचं कारण कलम २२ मध्ये आहे आणि त्याला दोन पाय आहेत. पहिला, एकूण तीन महिन्यांचं भाडं थकलेलं असणं. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे, महिने सलग असायला हवेत असं नाही. दुसरा, त्या थकबाकीची रजिस्टर्ड नोटीस भाडेकरूला मिळाल्यापासून, किंवा त्यानं ती नाकारल्यापासून, ३० दिवसांत त्यानं कायद्यानं देय असलेली रक्कम न भरणं. दुसरा पाय नसेल तर पहिल्यावर अर्ज उभा राहत नाही. थोडक्यात, तीन महिन्यांनी मालकाला मिळतो तो नोटीस पाठवायचा हक्क.

बहुतेक प्रकरणं या नोटिशीतच अडखळतात, म्हणून इथं थोडं थांबू.

नोटिशीत प्रत्येक महिना वेगळ्या ओळीत लिहावा: महिना, ठरलेलं भाडं, मिळालेली रक्कम, बाकी. समजा भाडं महिना १२,००० रुपये आहे, चार महिने थकले आणि मध्ये एकदा ५,००० रुपये यूपीआयनं आले. मग मागणी ४३,००० रुपयांची होते, ४८,००० ची नाही. मालकानं एकतर्फी भाडं वाढवून वाढीव दरानं हिशेब केला, की 'कायद्यानं देय' रक्कम किती यावरच वाद सुरू होतो आणि नोटीस लंगडी पडते. वीजबिल, सोसायटीचा देखभाल खर्च, व्याज, रंगकामाची भरपाई हे भाड्याच्या आकड्यात मिसळू नये. मागायचंच असेल तर खाली वेगळं लिहावं. फार जुनी थकबाकीही तपासून घ्यावी, कारण मुदत कायद्याप्रमाणे भाड्याच्या वसुलीसाठी ते देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो.

नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. टपाल खात्यानं २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आहे. त्यामुळे खिडकीवर नुसतं 'स्पीड पोस्ट' न म्हणता नोंदणीची सेवा आणि पोचपावती दोन्ही सांगून घ्यावं. नोटिशीची प्रत, टपालाची पावती आणि ट्रॅकिंगचं छापील पान एकत्र ठेवावं. लिफाफा 'नाकारला' असा शेरा मारून परत आला तर तो फोडू नये, तसाच जपावा. ३० दिवस मोजताना मिळाल्याचा दिवस धरायचा नाही: ६ ऑक्टोबरला मिळाली तर मुदत ५ नोव्हेंबरपर्यंत.

'मग कुलूप बदला, वीज-पाणी तोडा'

३० दिवस उलटले तरी ताबा हातात येत नाही. त्यानंतर रेंट कंट्रोलरकडे, म्हणजे या कायद्याखाली भाड्याचे वाद ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. भाडेकरूला समन्स जातं आणि तिथं त्याला आणखी एक संधी मिळते: समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्या तारखेपर्यंतची सगळी थकबाकी आणि अर्जाचा खर्च भरला, तर एवढ्या कारणावरून ताबा देण्याचा हुकूम होत नाही. मालकाला हे कडू वाटेल. पण ही तरतूद भाडेवसुलीसाठीच आहे, आणि पैसे हवे असतील तर तिचा उपयोग मालकालाही होतो.

मधल्या काळात कुलूप लावलं तर काय होतं? कायदेशीर मार्गाशिवाय ताबा घालवलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची, हा प्रश्नच येत नाही. म्हणजे ४३,००० रुपयांसाठी निघालेला मालक प्रतिवादी होऊन बसतो, आणि भाड्याचा मुद्दा मागं पडतो. आतलं सामान बाहेर काढलं, विकलं, तर फौजदारी तक्रारीची वेगळी टांगती तलवार. भाडेकरू गावी निघून गेला आणि दार बंद आहे, अशा वेळीही हीच काळजी घ्यावी. त्यानं ताबा सोडल्याचं लेखी नसेल तर कुलूप तोडू नये.

विजेचं पाहू. बिल न भरल्यास विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ खाली १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडायचा अधिकार पुरवठादाराला आहे. गोव्यात तो वीज खात्याला आहे, मालकाला नाही. भाडं थकलं म्हणून मेन स्विच काढणं किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणं याला कायद्याचा आधार नाही. वीज ही मूलभूत गरज आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मालक-भाडेकरूच्या वादातच सांगितलं आहे.

'पोलीस बाहेर काढतील'

नाही. भाडं न देणं हा एवढ्यावरून गुन्हा होत नाही, त्याचे परिणाम दिवाणी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच स्पष्ट केलं. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरला असला, तरी त्यानं पोलिसांना ताबा काढून द्यायचा अधिकार मिळत नाही. भाड्याचा चेक बाउन्स झाला तर मात्र परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागू होऊ शकतं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यावर १५ दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. एक तारीख चुकली तरी अडचण.

'अकरा महिन्यांचा करार असला की झालं'

अकरा महिने कशासाठी असतात? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून. ताब्याशी त्याचा संबंध नाही. कागदावर 'लीव्ह अँड लायसन्स' छापलं तरी न्यायालय मथळा पाहत नाही, प्रत्यक्षात स्वतंत्र ताबा दिला होता का ते पाहतं. खरोखर लायसन्स, म्हणजे नुसती वापराची परवानगी, असेल तर वाद कंट्रोलरकडे न जाता दिवाणी न्यायालयात जाईल, पण मुदत संपल्यावरही माणूस न्यायालयाच्या हुकुमानंच निघेल. एखादं प्रकरण कोणत्या दारात न्यायचं हे आधी वकिलाकडून ठरवून घ्या. चुकीच्या दारात गेलेला अर्ज वर्षं खातो.

गोव्यात आणखी एक घोटाळा होतो. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवरच्या घरात राहणाऱ्या मुंडकाराला भाडेकरू समजून नोटीस धाडली जाते. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे आणि त्याचा वाद मामलेदाराकडे जातो. उलट, घराचं भाडं देणारा माणूस त्या कायद्यानं मुंडकार ठरत नाही.

'डिपॉझिटमधून कापा'

करारात तसं लिहिलं असेल तर कापता येतं, तेही हिशेब देऊन. 'शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून घ्या' असं भाडेकरूनं परस्पर ठरवणंही तितकंच धोक्याचं आहे. लेखी संमती नसेल तर ते दोन महिने थकबाकीतच मोजले जाऊ शकतात.

भाडेकरूंसाठी दोन गोष्टी, कारण या संदेशाची उलट आवृत्तीही फिरते: 'भाडेकरूला काढताच येत नाही.' येतं. प्रकरण चालू असताना कलम ३२ प्रमाणे थकबाकी भरावी लागते आणि चालू भाडंही देत राहावं लागतं. पुरेसं कारण नसताना ते चुकलं, तर कंट्रोलर पुढची सुनावणी थांबवून ताब्याचा हुकूम देऊ शकतो. चांगला बचाव असलेले लोकही इथंच हरतात. दुसरं, पैसे पाठवताना महिना लिहा. यूपीआयच्या टिपणीत 'ऑगस्ट २०२५ चे भाडे' असं असेल तर ते त्याच महिन्यात जमा धरावं लागतं. काही न लिहिता पाठवलेली रक्कम करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे मालक जुन्या, अगदी मुदतबाह्य थकबाकीतही वळवू शकतो. मालक भाडं घेतच नसेल तर रक्कम खिशात ठेवू नका. बँकेतून पाठवा, परत आली तर नोंद ठेवा आणि वकिलामार्फत कंट्रोलरकडे जमा करण्याचा अर्ज द्या.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. ४३,००० ची बाकी महिना ८,००० प्रमाणे पाच हप्त्यांत आणि शेवटचा सहावा हप्ता ३,००० असा समझोता लोकअदालतीत नोंदवला, तर त्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं. त्यात हप्त्यांच्या तारखा, चालू भाडं वेगळं देण्याची अट आणि हप्ता चुकल्यास खोली किती दिवसांत रिकामी करायची, हे तिन्ही आकड्यांत लिहून घ्यावं.