सर्व्हेचा पहिलाच प्रश्न चुकलाय

आमच्या गावात (बीडकडं) प्रौढ शिक्षणाचा सर्व्हे करायचा ठरलंय, कुणाला काय शिकायचंय ते घरोघर विचारायचं, मग त्यावरून वर्ग सुरू करायचे. काल फॉर्म हातात आला. पहिला प्रश्न, "आपणास लिहिता-वाचता येते का? होय/नाही". वाचून जीव खट्टू झाला माझा. पन्नाशीच्या बाईला सुनेसमोर, नातवासमोर असं विचारल्यावर ती काय सांगणार हो? "येतंय की थोडंफार" म्हणणार आणि चुलीकडं निघून जाणार. आणि पुष्कळदा तर दारात घरातला पुरुषच येतो आणि सगळ्यांचं "होय" सांगून टाकतो. 2011च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82.3 टक्के आली, तीही लोकांनी तोंडी सांगितल्यावरच, परीक्षा कुणी घेतली नव्हती.

दोन वर्षांमागं आम्ही काही न विचारताच शिवणक्लास काढला होता. 4 मशिनी आणल्या, पहिल्या आठवड्यात 18 जणी आल्या, महिन्यानं 3 उरल्या. वेळ ठेवली होती सकाळी 11ची, तेव्हा बायका खुरपायला रानात असतात! आणि बऱ्याच जणींना शिवण नकोच होतं, त्यांना मोबाईल शिकायचा होता, कारण लाडक्या बहिणीच्या कामाला ओटीपी आला की फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागायचा. हे त्यांनी नंतर सांगितलं, कारण आधी आम्ही विचारलंच नव्हतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली ती दुपारी भरायची, घरची-रानची कामं उरकल्यावर. आम्हाला ते तेव्हा सुचलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

आता आमच्याकडची खरी गरज सांगतो. निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवराबायको जोडीनं मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, किती टन तोडला, टनाला काय दर, उचल किती फिटली, किती बाकी राहिली, हा सगळा हिशोब दुसऱ्याच्या वहीत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, सांगतात तेवढं खरं धरायचं आणि बाकी राहिली म्हणून पुढच्या साली परत जायचं. माझ्या चुलत्यानं 3 हंगाम असंच केलं. त्याला सही येते, म्हणजे फॉर्मवर तो साक्षरच! पण वजनाची पावती वाचून टनाला दरानं गुणायचं त्याला कुणी शिकवलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की फॉर्म घेऊन दारात जायच्या आधी आपण दोन दिवस बँकेत, रेशनच्या दुकानात, आरोग्य उपकेंद्रावर नुसतं बसून बघूया, स्लिप भरायला कोण कुणाला शोधतंय, गोळ्यांचं पाकीट कोण रंगावरून ओळखतंय. मग विचारायचं, "गेल्या महिन्यात कुठलं काम दुसऱ्याकडनं करून घ्यावं लागलं?" या प्रश्नाला माणूस लाजत नाही, उलट मोकळं बोलतो. विचारायला अंगणवाडीताई किंवा बचतगटाची ताई, आणि बाईला एकटीला गाठून. शाळेची पोरं कृपा करून पाठवू नका, आजी नातवाच्या वयाच्या पोरासमोर कबूल करणार नाही.

केंद्राची प्रौढ साक्षरतेची उल्लास योजना 2022 ते 2027 आहे, 15 वर्षांपुढच्यांसाठी, आणि त्यात नुसती बाराखडी-अंकगणित नाही तर जीवनकौशल्यं, व्यवसायशिक्षण हेही आहे. म्हणजे पावतीचा हिशोब, मोबाईल, औषधं हे सगळं त्यात बसतं, फक्त गावानं मागायला पाहिजे.

आणि तारखेचं मी बैठकीतही ओरडून सांगितलंय. सर्व्हे दिवाळीनंतर ठेवताय, तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतील, कुलपं लागलेली घरं आपण "अनुपस्थित" लिहिणार, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच यादीत नसणार. दसऱ्याच्या आधी करा. रविवारी संध्याकाळी पारावर बसून फॉर्म नव्यानं लिहितोय, ऊसतोडीला जाऊन आलेले जे जे असतील त्यांनी या, आणि मागच्या हंगामाच्या पावत्या असतील तर घेऊन या.