टॉवेलसाठी एक दाबा

आमच्या कारखान्यातला फोनचा जुना बोर्ड, म्हणजे आतले सगळे फोन जोडणारा डबा, वळवाच्या पहिल्या पावसात गेला. वीज कडाडली, भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यातून उदबत्तीएवढा धूर निघाला आणि सहाच्या सहा एक्स्टेन्शन एकदम मुकी झाली. मिस्त्री आला, झाकण उघडून त्याने नाकाला रुमाल लावला. "मालक, ह्याचं कार्ड आता मिळत नाही बगा," असं म्हणून दोनशे रुपये घेऊन गेला. ते कार्ड मिळत नाही हे सांगायचे दोनशे.

आमचे टॉवेलचे माग अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, दुकान चाटी गल्लीत. दोन्हीकडचं बोलणं ज्यांच्या टेबलावरून जायचं त्या मावशी. गेली बावीस वर्षं फोन त्याच उचलतात. समोरच्याने नुसतं "हॅ" म्हटलं की मावशी "लो" म्हणायच्या आधी त्याचं गाव, थकबाकी आणि मुलीचं लग्न कुठपर्यंत आलंय हे सांगतात. अशी बाई असताना नवा बोर्ड कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तेवढ्यात पुण्याहून भाचा आला.

"मामा, आता बोर्ड नसतो. सगळं क्लाउडवर असतं, फोन इंटरनेटवरून जातो."

मी वर बघितलं. सोलापूरच्या आभाळात वर्षाचे आठ महिने ढग नसतो. आमचं पाणी उजनीहून येतं ते चार-पाच दिवसांनी, आणि फोन म्हणे ढगातून येणार, रोज.

त्या आठवड्यात तीन कंपन्यांचे तीन प्रतिनिधी आले. तिघांच्याही गळ्यात पट्टा, तिघांकडेही एकच रंगीत चित्र: मध्ये ढग, भोवती हसणारी गोरी माणसं. पहिल्याने विचारलं, "सर, एका वेळी किती कॉल असतात?" मी म्हटलं, दिवाळीच्या आधी सहा, एरवी दीड. दीड म्हणजे एक बोलतोय आणि एक ऐकू येत नाही म्हणून ओरडतोय. त्यावर त्याने तीनशे एमबीपीएसची लाइन घ्यायला सांगितली. हिशेब मला आवडतो, म्हणून भाच्याला बाजूला घेऊन विचारलं. एका बोलण्याला, आवाज न दाबता पाठवला तरी, सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात. सहा जण एकदम बोलले तर सव्वापाचशेच्या आत. म्हणजे अर्ध्या एमबीपीएसचं काम. तीनशे घेतले असते तर उरलेल्यात सगळ्या अक्कलकोट रोडने बायकोशी बोलून घेतलं असतं.

खरी मेख वेगात नाहीच. ती भाच्याने मला जेवताना सांगितली, आणि कडक भाकरी मोडून सांगितली म्हणून डोक्यात राहिली. आपला आवाज अख्खा जात नाही. एका सेकंदाचे पन्नास तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता चिकटतो आणि ते वाट फुटेल तिकडून पळतात. तिकडे पोचल्यावर त्यांना पुन्हा ओळीत बसवायचं. वऱ्हाडासारखंच ते. पन्नास जण एकाच लग्नाला निघाले, कोणी एसटीने, कोणी टमटमने, आणि कार्यालयाच्या दारात कोणीतरी थांबून बघतोय की सगळे आले का. फार थांबलं तर मुहूर्त टळतो. नाही थांबलं तर नवरीचा मामाच राहतो. म्हणून थोडंच थांबायचं, आणि उशिरा आला त्याला आत घ्यायचं नाही. हरवलेला तुकडा परत मागवत नाहीत. बोलण्यात उशिरा आलेला शब्द हा न आलेल्या शब्दापेक्षा वाईट.

"आणि किती थांबतात?" मी विचारलं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे म्हणे, तोंडातून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर बोलणं सहज वाटतं. त्याच्या वर गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात. हे ऐकून मला हायसं वाटलं. सोलापुरात दोघं एकदमच बोलतात, समोरासमोर बसूनसुद्धा. आम्हाला बिघाड कळायलाच महिना लागला असता.

दुसरा प्रतिनिधी डेमो द्यायला आला तेव्हा लाइट गेली. तो "सर, आमचा फोन बंद पडतच नाही, नाइन्टी नाइन पॉइंट नाइन नाइन—" इथपर्यंत आला होता. पंखा थांबला, माग थांबले, त्याचा नवा कोरा फोन काळा पडला. त्या शांततेत मावशींच्या टेबलावरचा जुना फोन वाजला, ज्याची लाइन बोर्डातून न जाता थेट बाहेरून आलेली होती. मावशींनी उचलला, हुबळीवाल्याशी पाच मिनिटं बोलल्या, ठेवला. जुन्या तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन ऑफिसातूनच येते, ४८ व्होल्ट. आपल्याकडे अंधार असला तरी तो बोलतो. नव्या फोनला फोनची वीज वेगळी, राउटरची वेगळी, फायबरच्या डब्याची वेगळी. "यूपीएस लावावा लागेल, सर," प्रतिनिधी अंधारातून म्हणाला. यूपीएसचे पैसे त्याच्या चित्रात कुठेच नव्हते. अठरा टक्के जीएसटीसुद्धा नव्हता, तोही त्याच अंधारात निघाला.

आता नंबर. आमच्या अण्णांनी तो फोन सहा वर्षं वाट बघून मिळवला होता. ०२१७ लावून तो नंबर आमच्या बिलबुकावर आहे, टॉवेलच्या पट्टीवर आहे, आणि हैदराबादपासून हुबळीपर्यंत दुकानांच्या भिंतीवर लक्ष्मीच्या पायाखाली कॅलेंडरवर आहे. मी तिसऱ्याला विचारलं, हाच नंबर तुमच्याकडे घेता येईल ना? तो "बघतो सर" म्हणाला. बघण्यासारखं काही नव्हतं. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर या कंपनीतून त्या कंपनीत नेता येतो, लँडलाइनला ती सोय नाही. म्हणजे नवा नंबर घ्या आणि लक्ष्मीला सांगा, पाय उचल. शेवटी जुनी लाइन तशीच ठेवली आणि नवा नंबर तिच्या शेजारी. घरात सून आली म्हणून सासूला कोणी काढतं का?

भाच्याचं मत तिघांनाही घालवायचं होतं. त्याच्या मते सगळं फुकट होतं. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या कॉलेजातल्या पोराने छोटी कंपनी काढली, फोनचा बोर्ड परवडेना, म्हणून स्वतःच संगणकावर बोर्डाचा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्या जगाला वाटून टाकला. नाव ॲस्टेरिस्क. मला हा माणूस फार जवळचा वाटला. बोर्ड परवडत नाही इथपर्यंत आमचं तंतोतंत जुळत होतं. स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर भाच्याने ते रात्रभर बसून चढवलंसुद्धा. सकाळी बघतो तर कुठून कुठून लोक आमच्या १०१ नंबरच्या एक्स्टेन्शनचा पासवर्ड फोडायला बसलेले, सेकंदाला चार-चार वेळा. रात्री अशा बोर्डात घुसतात, त्यातून परदेशात कॉल लावतात आणि बिल मालकाला येतं. पासवर्ड काय होता ते मी विचारलं. "१०१," भाचा म्हणाला. दुपारच्या आत तो कॉम्प्युटर पुन्हा स्टोअरमध्ये गेला. स्पेन्सरचा यात काही दोष नाही.

मग तिसऱ्यालाच हो म्हटलं. कारण सांगू? तो उन्हातून आल्यावर पहिल्यांदा पाणी प्यायला, मग बोलला. बाकी दोघं उलटं करत होते.

आता स्वागताचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. कुठल्या भाषेत? दुकान मराठी, माल घेणारे तेलुगू आणि कन्नड, मागावरचे निम्मे तेलुगू, हिशेबनीस उर्दू, आणि सोलापुरात हे सगळे एकाच वाक्यात बसतात. "मराठीसाठी एक, तेलुगूसाठी दोन" असं सुरू केलं तर माणूस टॉवेलपर्यंत पोचेस्तोवर टॉवेल वाळतो. कंपनीकडे तयार आवाज होता, मुंबईच्या बाईचा, गोड. मावशींनी तो ऐकला आणि ओठ आवळले. बावीस वर्षांच्या खुर्चीत दुसरी बाई बसलेली बघितल्यासारखं. मी घाईघाईने म्हटलं, मावशी, तुम्हीच बोला की.

मावशी घरी जाऊन केस विंचरून आल्या. आवाजाचं रेकॉर्डिंग आहे, फोटो नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. कागद लिहून दिला होता. त्यांनी तो बघितला नाही.

"नमस्कार. टॉवेलसाठी एक दाबा. चादरीसाठी दोन दाबा. पैसे द्यायचे असतील तर तीन दाबा, लगेच उचलतो. पैसे मागायचे असतील तर जरा सावकाशीनं करा. दाबलं का? दाबा की."

हे तसंच ठेवलं. लोकांनी दाबलं नाहीच. विजयपूरचा एक व्यापारी रेकॉर्डिंगला म्हणाला, "मावशी, गुडघा कसा आहे?" आणि उत्तर येईना म्हणून रागावून ठेवला. दुसऱ्या एकाने खरोखर एक दाबला, पण तो आमच्यापर्यंत पोचेना. प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम वाजतात, एकला ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे. आवाज दाबून बारीक करणारी यंत्रणा माणसाच्या गळ्यासाठी बनवलेली, तिने त्या जुगलबंदीचं खरकटं केलं. सेटिंग बदलून बटणं वेगळी पाठवायला लावली तेव्हा जमलं. तोपर्यंत त्या माणसाने अठरा वेळा एक दाबला होता, आणि सोलापुरात दुसऱ्याकडून टॉवेल घेतले होते.

मग साठ आणि आठचं प्रकरण. हैदराबादच्या शेठजींची ऑर्डर मी स्वतः घेतली, आठ डझन. माल गेला. तिसऱ्या दिवशी शेठजींचा फोन: साठ सांगितले होते. मी नव्या फोनवर चिडलो, पण गुन्हा नव्याचा एकट्याचा नव्हता. "स"ची जी शिट्टी असते ती बहुतेक चार हजार हर्ट्झच्या वर वाजते, आणि फोन पहिल्यापासून तीनशे ते चौतीसशेपर्यंतच नेतो. म्हणजे फोनवरचा "स" आपण कानाने ऐकतच नाही, सवयीने भरून घेतो. त्यात नेमका एखादा तुकडा वऱ्हाडातून चुकला, की साठचा आठ. आवाज रुंद नेणारी नवी पद्धत आहे, सात हजारांपर्यंतची, पण दोन्हीकडे असली तरच. शेठजींकडचा फोन त्यांच्या वडिलांचा आहे.

तरी हे सगळं चाललं असतं. बिघडलं ते भाच्याने जाता जाता "मामा, एक भारी गोष्ट चालू करून देतो" म्हणाल्यामुळे. बाहेरचा गोंगाट कापायची सोय. माग कितीही धडधडू देत, समोरच्याला फक्त आपला आवाज. मी तपासून बघितलं. दुकानातल्या मुलाने सांगितलं, "मालक, देवळातून बोलल्यासारखं ऐकू येलालंय." मी खूश. आयुष्यभर फोनवर ओरडून माझा घसा बसलेला.

आठ दिवस ऑर्डर कमी झाल्या. नवव्या दिवशी हुबळीवाल्याने आगाऊ दिलेल्या पैशांची हळूच चौकशी केली. दहाव्या दिवशी शेठजींचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. ते गप्प. मग फार हळू आवाजात, घरात कोणी आजारी असल्यावर विचारतात तसं म्हणाले:

"एमैंदी अण्णा? मग्गालु आगिपोयाया?"

माग बंद पडले का? मी म्हटलं, छे हो, तीनही पाळ्या चालू आहेत. ते म्हणाले, तीस साल से सुन रहा हूँ, आपके पीछे धडधड रहती है. आठ दिन से कुछ नहीं. मार्केट में सबको मालूम है.

मार्केटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. दाखवायला मी शपथ घेतली असती, फोटो पाठवला असता. पण बंद कारखान्याचा मालकसुद्धा हेच करतो. भाच्याला दुसऱ्या फोनवरून विचारत विचारत ते सेटिंग शोधलं, बंद केलं, आणि फोनची वायर पुरेल तेवढी ओढून रिसीव्हर खिडकीतून शेडच्या बाजूला धरला. आत चोवीस माग. कांडी भरणारी पोरगी माझ्याकडे बघून हसली. हात दुखायला लागला तरी धरून ठेवला.

परत कानाला लावला तर शेठजींचा आवाज बदललेला. "हां. हां. चल रहे." मग दोन-तीन दिवसांच्या उधारीचं काहीतरी, आणि त्या धडधडीतून कसंबसं: "...आठ डझन भेजो."

"साठ का आठ?" मी ओरडलो.

तिकडून काही ऐकू आलं नाही. नव्या फोनला साठेक सोयी आहेत, त्यातली मावशींनी एकच शिकून घेतली होती: दुसऱ्याचं बोलणं मधून ऐकायचं बटण. लाइनवर त्यांचा आवाज आला.

"साठ म्हणाले ओ मालक. शेठ कधी आठ घेतात का? शेठ, साठच ना?"

"हां मावशी, साठ. गुडघा कैसा है?"

मी चलन ओढलं, अंकात साठ लिहिले, आणि शेजारी कंसात अक्षरी: साठ डझन फक्त.