2028 ची तारीख आणि दहा कुमारींचं तेल

मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे, कधी लेखी, कधी कुणाच्या आवाजात. त्याचा सारांश असा: इस्राएल 1948 मध्ये पुन्हा राष्ट्र झालं. अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की ओळखा, असं प्रभूने सांगितलंय, आणि ते झाड म्हणजे इस्राएल. ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ असंही तो म्हणाला. नव्वदाव्या स्तोत्राप्रमाणे पिढी 80 वर्षांची, म्हणून 2028 च्या आत प्रभू येणार. दिवस आणि घटका कळणार नाही, पण वर्ष कळू शकतं. पुढे भूकंप-युद्धांची यादी, आधार कार्ड हीच प्रकटीकरणाच्या पुस्तकातली श्वापदाची खूण असल्याचा इशारा, आणि अखेरीस हुकूम: जमीन, शिक्षण, विमा, पेन्शन यांत अडकू नका, वेळ उरलेला नाही.

प्रभूच्या पुनरागमनावर माझा पूर्ण विश्वास आहे. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार, हे दर रविवारी विश्वासांगीकारात मी मनापासून म्हणतो. म्हणूनच हा मजकूर जिव्हारी लागतो. तयारीचं नाव घेऊन तो तयारीच मोडून काढतो.

आधी अंजिराचं झाड. हाच दाखला लूकच्या शुभवर्तमानात 21 व्या अध्यायात आहे, आणि तिथे प्रभू म्हणतो, अंजिराचं झाड ‘व सर्व झाडे’ पाहा. अंजीर म्हणजे इस्राएल, तर बाकीची सगळी झाडं कोणती राष्ट्रं? पालवी दिसली की उन्हाळा जवळ आल्याचं शेतकऱ्याला कळतं, एवढाच त्या दाखल्याचा रोख आहे. शिवाय हे सगळं बोलणं सुरू झालं ते मंदिराच्या दगडांवरून. हे दगड पाडले जातील असं प्रभू म्हणाला, आणि शिष्यांनी ‘कधी?’ असं विचारलं. इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर खरोखरच पाडलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी काही जण तेव्हा हयात असणार. ‘ही पिढी’ म्हणजे समोर बसलेली पिढी, असं अनेक अभ्यासक म्हणतात ते यामुळेच.

या गणिताचा इतिहासही मजकूर पाठवणाऱ्यांना ठाऊक नसावा. 1970 मध्ये अमेरिकेत हॅल लिंडसी यांच्या प्रचंड खपाच्या पुस्तकाने हेच झाड आणि हेच 1948 धरलं होतं. फक्त तेव्हा पिढी 40 वर्षांची होती, म्हणून सगळ्यांचे डोळे 1988 कडे लागले. त्या वर्षी एडगर व्हायझनंट या माजी नासा अभियंत्याने 88 कारणं देणारी पुस्तिका काढून 11 ते 13 सप्टेंबर असे दिवसच ठरवून दिले. ते दिवस गेले, तेव्हा त्याने 1989 साठी सुधारित हिशेब काढला. मग कुणी 1948 सोडून 1967 पासून, म्हणजे जुनं यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात आलं तिथपासून, मोजायला लागलं. कुणी पिढी 70 वर्षांची केली आणि 2018 वर येऊन थांबलं. आता ती 80 ची झाली आहे. उत्तर आधी धरायचं आणि पिढी त्या मापाने ताणायची, असं हे गणित आहे.

आणि ते नव्वदावं स्तोत्र एकदा पूर्ण वाचा. त्यात पिढीची व्याख्या नाही. माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचं, तेही कष्टाचं, अशी ती प्रार्थना आहे. दोनच ओव्या पुढे मागणं येतं की आम्हाला आमचे दिवस गणायला शिकव. आमचे दिवस, म्हणजे तुमचे-माझे. जगाचे नव्हेत.

दुसरा मुद्दा ‘वर्ष कळू शकतं’ हा. शिष्यांनी पुनरुत्थित प्रभूला समोरासमोर हेच विचारलं होतं, आणि प्रेषितांची कृत्ये 1:7 मध्ये त्याचं उत्तर आहे: पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवलेले काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. म्हणजे दिवस-घटकेच्या मागचं दारही त्याने बंद केलं. चौथ्या-पाचव्या शतकात हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने याच वचनावर लिहिलं की ते मोजणाऱ्यांची बोटं सैल करतं आणि त्यांना गप्प बसायला सांगतं.

यावर एक पळवाट हल्ली फार चालते. ‘तो दिवस कुणाला ठाऊक नाही’ हा म्हणे कर्ण्यांच्या सणाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, उद्देशून यहुदी वाक्प्रचार होता, कारण तो सण चंद्रकोर दिसल्यावर ठरायचा. म्हणजे प्रभूने गुपचूप तारीखच सांगून ठेवली. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निघालेला दावा जगभर पसरला तो याच सणाच्या आधाराने: 23 आणि 24 सप्टेंबर. पहिल्या शतकातल्या एखाद्या यहुदी लेखनात हा वाक्प्रचार या सणासाठी वापरलेला कुणी दाखवावा, आपण तो जरूर वाचू. तोवर मत्तय 24:36 समोर ठेवू. ते म्हणतं की स्वर्गातल्या दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. दरवर्षी येणारा सण कधी असतो हे देवदूतांना आणि पुत्राला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचं आहे का?

तारखा सांगणारे सगळेच लबाड असतात असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा साधा शेतकरी होता, वर्षानुवर्षं बायबल ओळीओळीने वाचणारा. दानीएल 8:14 मधले 2300 दिवस त्याने वर्षं मानले, ख्रिस्तपूर्व 457 पासून मोजले आणि 1843 च्या आसपास पोचला. ते साल टळल्यावर अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख नक्की केली. हजारो लोक त्या रात्री जागले. काहींनी त्या हंगामात बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत, कारण हिवाळा बघायला आपण इथे असणारच नाही अशी त्यांची खात्री होती. सकाळ झाली आणि माणसं अक्षरशः रडली. इतिहासात तो दिवस ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला. मिलरच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, पण त्या बटाट्यांना प्रामाणिकपणाचा काही उपयोग झाला नाही.

भूकंप आणि युद्धांबद्दल थोडक्यात. ‘पूर्वी एवढे भूकंप नव्हते’ हे वाक्य खरं नाही. 1900 पासूनच्या नोंदी पाहिल्या तर 7 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी 16 च्या आसपास होतात. 1989 मध्ये ते 6 होते, 2010 मध्ये 23. आकडा वर-खाली होतो, चढत जात नाही. वाढलीत ती नोंदणी केंद्रं आणि बातम्या. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, पण तो भूकंप तीव्रतेने साधारण 6.2 चा होता. माणसं मेली ती दगडमातीच्या जड भिंती झोपेत अंगावर आल्या म्हणून. तिथे ‘चिन्ह’ शोधण्यापेक्षा घरं कशी बांधली होती हे विचारणं मला जास्त ख्रिस्ती वाटतं. आणि प्रभू स्वतः युद्धांच्या नि भूकंपांच्या यादीनंतर काय म्हणतो? घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, या तर वेदनांचा आरंभ आहेत. मजकुरात यादी आहे, हे वाक्य नेमकं गाळलं आहे.

आधारबद्दल. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 ला दिला गेला. तो बारा अंकी ओळख क्रमांक आहे. त्याच्या गोपनीयतेबद्दल नागरिक म्हणून प्रश्न जरूर विचारावेत, पण प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाशी त्याचा संबंध नाही. तिथली खूण उपासनेची आहे: श्वापदापुढे गुडघे टेकणाऱ्याला ती मिळते. लगेच चौदाव्या अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव आहे, आणि ते काही कुणी गोंदवलेलं म्हणून वाचत नाही. श्वापदाचा 666 हा आकडा ‘नीरो कैसर’ या छळ करणाऱ्या रोमी सम्राटाचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की येतो. छळ करणाऱ्या रोमच्या छायेत ते पुस्तक वाचणाऱ्यांना तो इशारा पुरेसा होता. रेशन बंद होईल या भीतीने एखाद्या आजीने कार्ड घ्यावं आणि त्यामुळे आपण नरकात जाणार म्हणून रात्र-रात्र झोपू नये, हे पाप त्या आजीचं नाही.

आता मूळ गोष्ट, तयारी. मजकुरात दहा कुमारींचा दाखला हमखास असतो, ‘जागे राहा’ या मथळ्याखाली. पण तो दाखला नीट बघा. दहा कुमारी दिवे घेऊन लग्नाच्या नवऱ्याला सामोऱ्या जायला निघतात, पाच शहाण्या, पाच मूर्ख. नवऱ्याला यायला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्या पाचही झोपल्या, आणि त्यांना त्याबद्दल कुणी बोललं नाही. मग मूर्ख पाच जणींचं चुकलं कुठे? त्यांच्याकडे दिवे होते, दिव्यांत तेल होतं, दिवे पेटलेलेही होते. नव्हतं ते भांड्यातलं वरचं तेल. थोडक्यात, नवरा लवकरच येईल असं धरून त्या निघाल्या होत्या. लांबलेल्या रात्रीची सोय त्यांनी केली नव्हती. ‘आता वेळच उरलेला नाही’ हे शहाण्यांचं वाक्य नाही. त्या दाखल्यात ते कुणाला शोभलं असतं, ते सांगायला नको.

मत्तय 24 आणि 25 मध्ये हा उशीर पुन्हा पुन्हा येतो. दुष्ट दास म्हणतो, धनी उशीर करतोय, आणि सोबत्यांना मारायला लागतो, तोही दोषीच. रुपयांच्या दाखल्यात धनी दासांकडे रुपये सोपवून जातो, ‘बराच काळ लोटल्यावर’ परततो आणि हिशेब मागतो. ज्याने रुपये पुरून ठेवले त्याला तो बाहेर काढतो, ज्यांनी व्यापार केला त्यांना शाबासकी देतो. लूक 19 मध्ये तर कारणच दिलं आहे: देवाचं राज्य आत्ताच प्रकट होणार असं लोकांना वाटत होतं, म्हणून प्रभूने मोहरांचा दाखला सांगितला. आणि त्यातली आज्ञा काय? मी येईपर्यंत व्यापार करा. मत्तय 25 च्या शेवटी न्यायाचं दृश्य येतं, तिथे वर्ष ओळखलं का असं कुणालाच विचारलेलं नाही. भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याकडे गेलात का, बंदिवानाला भेटलात का, एवढंच.

आमच्या मंडळीतल्या एका मुलीने प्रार्थनासभेत विचारलं की नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची की नाही. तिच्या मावशीने हा मजकूर पाठवून ‘आता शिकून काय करणार’ असं लिहिलं होतं. मिरजेच्या वानलेस रुग्णालयापासून नगर-वडाळ्यापर्यंत आपल्या आया-आज्यांनी पांढरा गणवेश घालून रात्रपाळ्या केल्या, त्या याच प्रभूची वाट बघत केल्या. ‘आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ हे वचन त्या मुलीच्या शिक्षणात शब्दशः पुरं होतं, आणि तेच सोडून द्यायला तिला तयारी म्हणून सांगितलं जातंय! प्रेषित पौलाच्या काळी थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत असंच झालं होतं. प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं पौलाच्या नावाने कुणीतरी पसरवलं, काहींनी काम सोडलं आणि लोकांच्या घरी लुडबूड सुरू केली. पौलाने त्यांना सांगितलं की शांतपणे काम करून स्वतःची भाकर खा, आणि ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांच्यासाठी विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा केला. 1905 मध्ये त्यांच्या याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आत्मिक जागृती झाली, आणि तिच्यानंतरही रमाबाई 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या. अमेरिकेत 19 मे 1780 ला भरदुपारी अंधार पडला, तेव्हा कनेटिकटच्या विधिमंडळात न्यायाचा दिवस आला म्हणून सभा तहकूब करायची भाषा सुरू झाली. अब्राहम डेव्हनपोर्ट म्हणाले की तो दिवस आला नसेल तर तहकुबीचं कारण नाही, आणि आला असेल तर मी माझं कर्तव्य करताना सापडलेलं बरं, मेणबत्त्या आणा. प्रभू कधी येईल ते माहीत नसताना माणूस असाच वागू शकतो.

शेवटचा बचाव नेहमी असा असतो: तारीख चुकली तरी बिघडलं काय, माणसं जागी तर झाली. बिघडतं. दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 ची तारीख देणाऱ्या पंथाच्या लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. नेत्याला फसवणुकीच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे 1993 मध्ये मुदत संपणारे रोखे सापडले. 2011 मध्ये अमेरिकन रेडिओवरचे हॅरल्ड कॅम्पिंग यांच्या 21 मे या तारखेसाठी न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्याने आयुष्यभराची पुंजी, सुमारे 1,40,000 डॉलर, जाहिरातींत घातली. तारीख टळल्यावर पैसा जातो तो जातोच, पण घरातली मुलं बायबलच खोटं म्हणून बाजूला ठेवतात, आणि ती परत येत नाहीत.

कॅम्पिंग यांनी मार्च 2012 मध्ये श्रोत्यांना पत्र लिहून, तारीख सांगणं पाप होतं असं कबूल केलं. हा मराठी मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी 2029 उजाडेपर्यंत थांबू नये. ज्या ज्या गटात तो पाठवला, तिथेच आज चार ओळी लिहून तो मागे घ्यावा.