बैठकीची वेळ ठरवताना आधी कोणाला विचारावे?

'सर्वांना कधी जमेल?' हा प्रश्न कोणत्याही गटात बैठक ठरवताना सर्वप्रथम विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांची वेळ त्यांच्या स्वतःच्या हातात असते तेच या प्रश्नाला चटकन उत्तर देऊ शकतात आणि म्हणून बैठक बहुतेक वेळा त्यांच्याच सोयीने ठरते. सोलापुरातील आमच्या वाचनगटात मी हे दीर्घकाळ पाहत आले आहे आणि इतर गटांतही याहून वेगळे घडत असेल असे मला वाटत नाही.

व्हॉट्सॲपवर विचारणा झाली की निवृत्त सभासद आणि बँकेत किंवा महाविद्यालयात नोकरी करणारे लगेच लिहितात, 'रविवारी सकाळी अकरा वाजता.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागते आणि तासाभरात वेळ निश्चित झाल्याचे जाहीर होते. त्या तासाभरात ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांचा होकार गृहीत धरला जातो, आणि माझा आक्षेप नेमका याच गृहीतकावर आहे. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या आमच्या काही मैत्रिणी विड्या वळतात. तयार विड्या कारखान्यात जमा करायच्या, पुढची पाने आणि तंबाखू घेऊन घरी यायचे आणि ठरलेला आकडा पूर्ण होईपर्यंत मांडीवरचे सूप खाली ठेवायचे नाही, असा त्यांचा दिवस असतो. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळत असल्यामुळे बैठकीत घालवलेला प्रत्येक तास त्यांच्या कमाईतून थेट वजा होतो. घरातला फोन बहुधा मुलाकडे असतो आणि तो हाताशी असला तरी तंबाखूने माखलेल्या हातांनी कोणी संदेश लिहीत बसत नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्या सभासदाला दिवसपाळी आहे की रातपाळी, यावर त्याचा सगळा आठवडा अवलंबून असतो. रातपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी अकराची बैठक म्हणजे झोपेवर घाला असतो. मार्केट यार्डात हमाली किंवा अडतीचे काम करणाऱ्यांना हिवाळ्यात, कांद्याची आवक वाढलेली असताना, सकाळची वेळ मागणेच चुकीचे आहे.

यात आपल्या शहराची एक खास अडचण मिसळते, ती म्हणजे पाणी. नळाला रोज पाणी येत नाही आणि येते तेव्हा प्रत्येक भागाची वेळ वेगळी असते. पाण्याच्या दिवशी घरातील बाई घर सोडू शकत नाही, कारण पुढच्या पाळीपर्यंतचा सगळा साठा त्याच वेळेत करायचा असतो. माझ्या अनुभवात 'आज जमणार नाही' असा निरोप ज्या कारणांमुळे येतो, त्यांत हे कारण सर्वांत वारंवार येते आणि तरीही बैठकीची वेळ ठरवताना कोणत्या भागात पाणी कधी येते हे कोणीही विचारत नाही.

सणवारांचेही तसेच आहे. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, त्या दिवशी पूर्व भागातील पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांतून कोणी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीचे वेळापत्रक पुढच्या वर्षी तसेच्या तसे वापरता येत नाही, आणि त्या महिन्यात सायंकाळची बैठक ठेवणे म्हणजे मुस्लिम सभासदांना वगळणेच होय. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारचा विचारच नको.

२०२२च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर पोलची सोय आली, तेव्हा हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. बैठक एकदाच घ्यायची असेल तर बहुमताने वेळ ठरवण्यात फारसे काही बिघडत नाही. परंतु दर महिन्याला भेटणाऱ्या गटात बहुमत दर महिन्याला त्याच लोकांचे असते, हरणारेही तेच असतात, आणि काही काळाने ते मत देणेच थांबवतात. मग 'त्यांना आवड राहिली नाही' असे म्हटले जाते. हे वाक्य ऐकले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांच्या आवडीविषयी कोणी कधी चौकशी केलेली नसते.

सर्वजण हजर असलेच पाहिजेत, असा आग्रह कायदाही धरत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, दोन तृतीयांश सभासद किंवा २० सभासद, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. मात्र वार्षिक सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी देणे आवश्यक असते. ग्रामसभेसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते, परंतु त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. या दोन्ही तरतुदी मला महत्त्वाच्या वाटतात. सगळे येणार नाहीत हे मान्य करावे, पण वेळेवर कळवावे, आणि ज्यांचा आवाज मोठ्या सभेत दबतो त्यांच्यासाठी वेगळी जागा राखावी, हा विचार त्यांच्यामागे आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, 'कधी जमेल' याऐवजी 'कोणत्या वेळी अजिबात जमणार नाही' हे विचारावे, आणि ते गटावर न विचारता एकेकाला प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून विचारावे. सुरुवात नेहमी गप्प राहणाऱ्यांपासून करावी. त्या उत्तरांतून उरलेल्या दोन-तीन वेळा आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे गैरसोय कायम एकाच्याच वाट्याला येणार नाही. वेळापत्रक तीन महिन्यांचे एकदम द्यावे. बैठक सुरू होण्याइतकीच ती संपण्याची वेळही ठरवावी आणि पाळावी. रात्री साडेआठनंतर घरी परतायला रिक्षा मिळेल की नाही, या काळजीने अनेक स्त्रिया मुळात येतच नाहीत.

आमच्यातील काही मुले आता पुण्यात आहेत आणि एक मुलगी न्यूयॉर्कजवळ राहते. ती व्हिडिओवर सामील होते, म्हणून एक बारकावा सांगते. भारतातील घड्याळ वर्षभर तेच राहते, पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपल्याकडे सायंकाळचे साडेसात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. वेळापत्रकावर भारतीय वेळ स्पष्ट लिहिली की तिचा गोंधळ होत नाही.

आमच्या गटातील ज्यांनी हे वाचले असेल, त्यांनी आपल्या भागातील पाण्याचे दिवस, कामाची पाळी आणि अजिबात न जमणाऱ्या वेळा मला फोनवर कळवाव्यात. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याकडे मी स्वतः जाईन, आणि पुढील तीन महिन्यांचे वेळापत्रक त्यांच्याशी बोलणे झाल्यानंतरच गटावर टाकीन.