आमच्या पावत्या आणि त्यांचं 'फुमेई'

रविवारपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचे तीन जुने डबे उघडे पडलेत. आत वर्षभराच्या पावत्या. स्टेशनजवळ काढलेल्या झेरॉक्सची ४० येनची, पोस्टाची १८० येनची, क्लायंटला भेटायला गेले त्या दिवशीच्या कॉफीची ५५० येनची. मी तोक्योत राहते, निशिकासाई भागात, आणि घरबसल्या भाषांतरं करते. म्हणजे इथल्या कायद्याच्या नजरेत मी एक छोटा 'धंदा' आहे. १६ फेब्रुवारी ते १५ मार्च हा 'काकुतेई शिंकोकु'चा, म्हणजे रिटर्न भरायचा महिना. त्याची तयारी मी डिसेंबरातच सुरू करते, कारण मार्चमध्ये रडण्यापेक्षा डिसेंबरात रडलेलं परवडतं. नवरा नोकरदार, त्याचा हिशेब त्याची कंपनी करते. त्याला या सगळ्याचं दुःख एवढंच की ताट ठेवायला जागा नाही.

यंदा पावत्या लावताना सारखी चिडचिड होतेय. २०२५च्या ऑक्टोबरात सत्ताधारी एलडीपीच्या (लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या) तेव्हा नव्याने निवडून आलेल्या नेत्या ताकाइची यांनी हागिउदा कोइची यांना पक्षाचं कार्यवाहक सरचिटणीसपद दिलं. गावाकडच्या मंडळींना हे नाव माहीत असायचं कारण नाही, म्हणून थोडं मागून सांगते.

इथे तेव्हा पक्षातले गट मोठ्या हॉटेलांत निधीसाठी 'पार्टी' ठेवायचे. एक तिकीट साधारण २० हजार येनचं. कंपन्या तिकिटं घ्यायच्या, खायला कुणी येवो न येवो. प्रत्येक खासदाराला तिकिटं खपवायचा कोटा असायचा. कोट्याच्या वर जेवढी विकली त्याचे पैसे गट त्या खासदाराला परत द्यायचा, आणि घोळ इथेच झाला. ते परत आलेले पैसे ना गटाच्या हिशेबात लिहिले, ना खासदाराच्या. जपानीत याला 'उरागाने' म्हणतात. 'उरा' म्हणजे मागची बाजू, 'गाने' म्हणजे पैसा. मागच्या दाराचा पैसा. एकट्या आबे गटाचा (माजी पंतप्रधान आबे यांच्या नावाचा गट) २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतला न दाखवलेला आकडा निघाला सुमारे ६७.५ कोटी येन. पक्षाने स्वतः चौकशी केली तेव्हा ८५ जणांची नावं आली आणि एकूण रक्कम सुमारे ५७.९ कोटी येन.

हे मी सांगलीला भावाला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. "रुपयांत किती?" म्हटलं, तीस-पस्तीस कोटी असतील. "८५ जणांत मिळून? अगं ताई, एवढ्यासाठी तिकडे लोक चिडतात?"

चिडतात. आणि का चिडतात हे त्याला समजावताना मलाही नीट समजलं, म्हणून ही पोस्ट.

प्रकरण फुटलं ते २०२३च्या डिसेंबरात. दरवर्षी त्याच सुमाराला क्योतोच्या कियोमिझु मंदिरात त्या वर्षाचं एक अक्षर मोठ्या कुंचल्याने लिहितात. लोकांनी त्या वर्षी निवडलेलं अक्षर होतं 'झेई', म्हणजे कर. पंतप्रधान किशिदा यांना तेव्हा लोक 'झोउझेई मेगाने' म्हणायचे, करवाढ चष्मा. (चष्मा घालणाऱ्या बाकीच्यांचा काय दोष, असं आमच्या घरात विचारलं गेलं.) आणि ऑक्टोबर २०२३ पासून आमच्यासारख्यांच्या मानेवर इनव्हॉइस पद्धत आली होती. त्याआधी वर्षाला १ कोटी येनपेक्षा कमी उलाढाल असेल तर विक्रीकर सरकारजमा करावा लागत नसे. आता कायद्याने सक्ती नाही म्हणायचं, पण टी अक्षराने सुरू होणारा तेरा आकड्यांचा नोंदणी नंबर बिलावर नसेल तर क्लायंटला त्या कराची पूर्ण वजावट मिळत नाही. मग क्लायंट गोड आवाजात विचारतो, "नोंदणीचं काही ठरलं का?" ठरलं ना बाबा, तूच ठरवलंस. ॲनिमेला आवाज देणारे कलाकार, चित्रकार, आमच्यासारखे भाषांतरवाले, सगळ्यांनी विरोध केला. पाच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. पद्धत आली ती आलीच.

आणि त्यानंतरच्या पहिल्याच रिटर्नच्या हंगामात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, हागिउदा यांच्या कार्यालयाने दुरुस्त केलेला हिशेब बाहेर आला. त्यांचा न दाखवलेला पैसा २ कोटी ७२ लाख येनच्या वर. दुरुस्त हिशेबात किती आले, किती गेले, किती उरले या रकान्यांत काय लिहिलं होतं? 'फुमेई'. म्हणजे, माहीत नाही.

मी तो कागद टीव्हीवर पाहिला आणि आधी हसले. मग माझ्यासमोरच्या डब्याकडे बघितलं आणि हसू गेलं.

एका वर्षी माझ्या रिटर्नमध्ये एक क्लायंट राहून गेला होता. काम डिसेंबरचं, पैसे जानेवारीत आले, मी ते पुढच्या वर्षात धरले. काही महिन्यांनी कर कार्यालयाचं पत्र. भाषा इतकी अदबशीर की शिक्षा आहे की लग्नाचं आमंत्रण कळेना. गेले, दुरुस्ती अर्ज भरला, दोनेक हजार येन जास्तीचे भरले. काउंटरवरचा मुलगा शेवटी उठून वाकला. मी तक्रार करत नाही, चूक माझीच होती. पण मी तिथे 'फुमेई' लिहून आले असते तर? कायदा त्याचंही उत्तर देतो. छोट्या दुकानदाराच्या वह्या नीट नसतील तर कर खातं वीजबिल, मालाची खरेदी असल्या गोष्टींवरून अंदाजाने त्याचं उत्पन्न ठरवतं आणि त्यावर कर लावतं. मुद्दाम लपवलंय असं ठरलं तर वर ३५ टक्के जबर दंड, शिवाय व्याज. म्हणजे 'माहीत नाही' हे उत्तर तांदूळवाल्याचं असेल तर सरकार त्याच्या वतीने आकडा शोधून काढतं.

मग खासदारांच्या वेळी तो अंदाज लावणारं खातं कुठे गेलं? इथल्या लोकांचा सगळा संताप या एका प्रश्नात होता.

युक्तिवाद असा केला गेला की पैसे खासदाराचे नव्हतेच, त्याच्या राजकीय संस्थेचे होते, आणि राजकीय संस्थेला मिळालेल्या निधीवर कर नाही. नोंद तेवढी राहिली होती, आता केली. झालं. पाच वर्षं कुठल्याच वहीत नसलेले पैसे पकडले गेल्यावर एका रात्रीत संस्थेचे झाले! तेव्हाचे अर्थमंत्री सुझुकी शुनइची यांनी तर संसदेत, संशय असलेले खासदार आपली राजकीय जबाबदारी ओळखून स्वतः ठरवून कर भरू शकतात, अशा अर्थाचं उत्तर दिलं. कर भरायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं! त्याच महिन्यात पंतप्रधान जनतेला कायद्याप्रमाणे रिटर्न भरा असं आवाहन करत होते. ट्विटरवर 'रिटर्नवर बहिष्कार' असा हॅशटॅग वर आला. त्या दिवसांत मी कर कार्यालयाच्या रांगेत उभी असताना पुढचे एक आजोबा, तोफूचं दुकान असलेले, काउंटरवर अगदी शांतपणे म्हणाले, "मी पण फुमेई लिहिलं तर चालेल का?" कर्मचारी बाईंनी मान खाली घालून 'मोउशिवाके गोझाइमासेन' म्हटलं, क्षमा असावी. त्या बिचारीने कशाची क्षमा मागावी? आजोबांनी सगळे कागद दिले, पैसे भरले आणि गेले. बहिष्काराचं म्हणाल तर माझ्या ओळखीत एकानेही केला नाही. सगळ्यांनी मुकाट्याने भरला.

निकाई तोशिहिरो हे पक्षाचे माजी सरचिटणीस. त्यांच्या नावावर साडेतीन कोटी येन. त्यांच्या दुरुस्त हिशेबात खर्चाला उत्तर होतं: पुस्तकं. तीन वर्षांत १७ पुस्तकांच्या मिळून २७,७०० प्रती, किंमत सुमारे ३ कोटी ४७ लाख येन. त्यातली काही खुद्द निकाई यांच्यावरचीच. मी पुस्तकवेडी बाई आहे, पण यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटली. खटला त्यांच्या सेक्रेटरीवर झाला. ही इथली जुनी रीत. सेक्रेटरीने केलं, मला ठाऊक नव्हतं. हागिउदांच्या बाबतीतही शेवटी दंड त्यांच्या सेक्रेटरीलाच झाला. सरकारी वकिलांनी ३ कोटी येनच्या आसपास रेघ मारली, तिच्या वरचे तीन खासदार अडकले, निकाईंच्या वेळी फक्त सेक्रेटरी, आणि बाकीचे रेघेखाली. २ कोटी ७२ लाख रेघेखाली येतात, हे मोजून बघा.

याआधी असं झालं नव्हतं असं नाही, आणि मला जास्त राग त्याचाच आहे. १९९२ मध्ये कानेमारु शिन या बड्या नेत्याने सागावा क्युबिन या माल वाहतूक कंपनीकडून ५० कोटी येन घेतल्याचं कबूल केलं. शिक्षा? दंड, २ लाख येन. सरकारी वकिलांनी समोर बसवून चौकशीसुद्धा केली नाही, लेखी निवेदनावर भागवलं. तेव्हा एका माणसाने जाऊन सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्या पाटीवर पिवळा रंग फेकला. जपानमध्ये! पण पुढचं ऐका. लोकांचा संताप एवढा झाला की कानेमारु यांना खासदारकी सोडावी लागली, आणि मार्च १९९३ मध्ये त्यांना अटक झाली ती लाचेसाठी नव्हे, कर चुकवल्याबद्दल. झडतीत रोखे निघाले, सोन्याच्या विटा निघाल्या. त्याच वर्षी १९५५ पासून सलग राज्य करणारा एलडीपी सत्तेबाहेर गेला. सरकारी वकिलांना जो दरवाजा उघडता आला नाही तो करखात्याने उघडला होता. म्हणजे किल्ली आहे. तीस वर्षांपूर्वी ती लावूनही पाहिलीय. २०२४ मध्ये ती खिशातून काढायची नाही असं ठरवलं गेलं, मला तरी दुसरं काही दिसत नाही. फौजदारी गुन्हा सिद्ध करणं अवघड असेल, मान्य. कर लावायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. तोफूवाल्याला विचारा.

आता आमच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या दुखण्यावर येते. माझ्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे. तो मिळवताना पाच वर्षांच्या कराचे दाखले आणि दोन वर्षांच्या पेन्शन-विम्याचे हप्ते, तेही तारखांसकट दाखवावे लागतात. ओळखीतल्या एकाने नोकरी बदलताना मधल्या दोन महिन्यांचा पेन्शनचा हप्ता उशिरा भरला. बुडवला नव्हता, उशिरा भरला. अर्ज नामंजूर. आणि १४ जून २०२४ ला संसदेने कायदा केला की मुद्दाम कर किंवा विमा हप्ता बुडवणाऱ्याचा कायम परवाना रद्द करता येईल. बरोबर पाच दिवसांनी, १९ जूनला, याच संसदेने राजकीय निधीचा सुधारित कायदा मंजूर केला. त्यात पार्टीचं तिकीट घेणाऱ्याचं नाव उघड करायची मर्यादा २० लाखांवरून नाही, २ लाखांवरून ५० हजार येनवर आणली (बघा, पावत्या लावताना शून्यं पण चुकायला लागलीत), आणि पक्षाने नेत्यांना दिलेल्या खर्चाच्या पैशांच्या पावत्या दहा वर्षांनी उघड करायचं ठरलं. दहा वर्षांनी! एवढी थट्टा झाली की डिसेंबरात तो निधीच बंद करावा लागला.

गणपतीत हॉलवर मोदक वळताना हा विषय निघालाच. एक काका म्हणाले, आपण पाहुणे, आपण बोलू नये. मला ते पटत नाही. कर भरताना मी पाहुणी नसते. मत द्यायला मात्र नागरिकत्व हवं. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले तेही आधी जपानी नागरिकत्व घेऊनच. मी अजून घेतलेलं नाही, तो माझा निर्णय. पण म्हणून २७ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मी टीव्हीसमोरून हलले नाही. उरागाने प्रकरणातले ४६ जण उभे होते, २८ पडले. सत्ताधारी आघाडी ४६५ पैकी २१५ वर आली, बहुमत गेलं. समोरच्या इमारतीत रात्री एक वाजता दिवे चालू होते. कुणी फटाके वाजवले नाहीत, घोषणा नाहीत. त्या डिसेंबरात कियोमिझुला अक्षर लिहिलं गेलं 'किन'. सोनं आणि पैसा, दोन्हींसाठी एकच अक्षर. ऑलिंपिकची पदकं त्यात आली आणि उरागानेही आलं.

हागिउदा मात्र त्याच निवडणुकीत अपक्ष उभे राहून जिंकले. आणि २०२५च्या ऑक्टोबरात पुन्हा पद. २६ वर्षं सोबत असलेला कोमेइतो पक्ष याच पैशाच्या मुद्द्यावर आघाडी सोडून गेला, तरी पद राहिलं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "मग तुमच्याकडे पण तसंच की," म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आनंद होता असं मला वाटलं. त्याला दोष देत नाही.

असो. आत्ता हातात एक पावती आहे, मे महिन्यातली असावी, थर्मल कागदावरची शाई पार उडालीय. दुकानाचं नाव अर्धं दिसतंय, आकडा दिसत नाही. वीस मिनिटं कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये शोधलं. सापडला. ३३० येन. बघू, जेवणाआधी दुसरा डबा संपतो का.